पाठ झालेला चेहरा

मल्लिनाथअप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी मला डोळा मारला. मी नुकतीच सोलापूरच्या हॉस्पिटलात लागले होते. नोकरी नवी, पांढरा ड्रेस नवा, आणि समोर कॉटवर मांडी घालून बसलेला हा चाळिशीचा गृहस्थ. कपाळाला विभूतीचे पट्टे, कडक इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. मी नाव विचारलं. गृहस्थ हसले आणि त्यांचा डावा डोळा मिटला. त्यावर मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातलं निम्मं आमच्या घरच्या दखनीत होतं म्हणून निभावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, "बरोबर हाय तुमचं" म्हणाले, पुन्हा हसले, आणि डोळा पुन्हा मिटला.

तेवढ्यात आमचे मेडिसिनचे सर आले म्हणून पुढचा प्रसंग टळला. "सिस्टर," सर म्हणाले, "अप्पा डोळा मारत नाहीत. तो त्यांच्या परवानगीशिवाय मिटतो."

झालं होतं असं. अप्पा मंगळवेढ्याचे ज्वारीचे व्यापारी. तरुणपणी एकदा मालाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी झोपून आले आणि उठले ते तोंड वाकडं घेऊनच. डावा डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी डावीकडून बाहेर. गावानं वारं लागलं म्हणून सांगितलं, कुणी कांदा बांधला, कुणी कबुतराचं नाव काढलं. अप्पा शाकाहारी, म्हणून कबुतर वाचलं. शेवटी ते आमच्या सरांकडे आले. चेहऱ्याला हलवणारी जी सातवी नस असते, तिला सूज आली होती. औषधानं बरंचसं सुधारलं, पण नस पुन्हा उगवताना तिचे फाटे भलत्याच ठिकाणी जाऊन जोडले गेले. सर समजावून सांगायचे, "घराचं वायरिंग उलटंपालटं झालंय, अप्पा. पंख्याचं बटण दाबलं की दिवा लागतो." म्हणून ओठ हसायला लागले की डावा डोळा मिटायचा. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे, तोंडात घास गेला की लाळेबरोबर त्याच डोळ्यातून पाणी यायचं. डॉक्टरांच्या पुस्तकात याला मगरीचे अश्रू म्हणतात. हे नाव अप्पांना अजिबात पसंत नव्हतं. "मगर खोटं रडती," ते म्हणायचे. "माजं पानी खरं हाय की."

तर अशा या माणसाला दर परीक्षेला मंगळवेढ्याहून बोलावणं जायचं, आणि बोलावणं धाडायचं काम माझ्याकडे आलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टरकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला खरे रोगी लागतात. ऐन परीक्षेच्या दिवशी पाहिजे तो आजार वॉर्डात हजर असेलच असं नाही, म्हणून प्रत्येक कॉलेजची काही ठरलेली माणसं असतात. आजार जुना, अंगवळणी पडलेला, खूण स्पष्ट. आम्ही त्यांना 'परीक्षेची केस' म्हणतो. ती माणसं सकाळी येतात, चहा-नाश्ता करतात, कॉटवर बसतात, विद्यार्थी त्यांना तपासतात आणि मग परीक्षक येऊन विचारतात. आमच्याकडे एक हृदयाच्या झडपेच्या आजी होत्या, एक वाढलेल्या पाणथरीचे, म्हणजे प्लीहेचे, काका होते, आणि सातव्या नसेचे अप्पा.

या मंडळींना आपापलं उत्तर पाठ असतं. विद्यार्थी घाबरलेला असतो, आणि माणसाला माणसाची दया येते. झडपेच्या आजी तर नळी छातीला लागायच्या आधीच कुजबुजायच्या, "डावी झडप हाय बाळा, अरुंद झालीया." पोरं त्यांच्या पाया पडून पुढे जायची.

अप्पांना हे मुळीच चालायचं नाही. त्यांचा एकच कायदा होता, "पेपर फोडायचा न्हाय." ते कॉटवर बसले की गप्प. एरवी हा माणूस असा की एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत शेजाऱ्याला ज्वारीचे भाव, जावयाचे दुर्गुण आणि आपल्या नसेची कथा सांगणारा. त्यांच्या बायकोचं, गौरव्वांचं, म्हणणं असं की हे झोपेतसुद्धा कुणाशी तरी सौदा करत असतात. पण परीक्षा सुरू झाली की अप्पा विचारलं तेवढंच बोलणार. कुणी डोळ्यात पाणी आणून 'अप्पा, कुठली बाजू?' म्हटलं की ते वर छताकडे बघणार. परीक्षा संपली की त्याच पोराला कँटीनला नेऊन भजी खाऊ घालणार आणि स्वतः खाताना डाव्या डोळ्यानं रडणार. नापास झालेल्या पोरांना वाटायचं, अप्पांना आपल्यासाठी किती वाईट वाटतंय.

अप्पांच्या चेहऱ्यात एक सापळा होता, आणि त्याचा त्यांना भयंकर अभिमान होता. बरं होताना डाव्या बाजूचे स्नायू आखडून बसले होते. त्यामुळे नाकापासून ओठापर्यंतची रेघ डावीकडे खोल दिसायची, आणि उजवी बाजू, जी मुळात धडधाकट, ती सैल आणि उतरलेली वाटायची. वरवर बघणारा विद्यार्थी हमखास म्हणायचा, उजवी बाजू अधू. कपाळाला आठ्या घालायला लावा, डोळे घट्ट मिटायला लावा, गाल फुगवायला लावा, मग कळायचं की दुखणं डावीकडे आहे. "घसरला बगा एक उजवीकडं," अप्पा नंतर मला खूश होऊन सांगायचे. "नुसतं बगून भाव करायचा नसतो, सिस्टरबाई. पोत्यात हात घालावा लागतो."

आता यावरून अप्पांना वैद्यकी कळत होती असं कुणी समजू नये. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा असतात हे त्यांनी ऐकून ऐकून उचललं होतं, पण आपल्या सातवीखेरीज बाकीच्या अकरांचा कारभार त्यांनी आपल्या मनानं वाटून टाकला होता. दहावी नस गुडघ्याला जाते यावर ते ठाम होते. मंगळवेढ्यात अर्ध्या पेठेच्या गुडघेदुखीचं निदान त्यांनी दहावीवर ढकललं होतं. सरांनी एकदा समजावलं की अप्पा, ती पोटाकडे जाते. अप्पांनी मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "साहेब शहरातले. मंगळवेढ्याचे गुडगे त्यांनी कुटं बगितले?"

मुलासाठी मुलगी बघायला हे कुटुंब करकंबला गेलं होतं, तो किस्सा अप्पांकडून ऐकावा. मी दहा वेळा तरी ऐकला असेल आणि प्रत्येक वेळी तो थोडा वाढलेला असायचा. पाहुण्यांपुढे पोहे आले. अप्पांनी पहिला घास घेतला आणि डाव्या डोळ्याला धार लागली. मुलीच्या आईला वाटलं, पोहे तिखट झाले. ती साखर घेऊन धावली. मुलीचे आजोबा मात्र हळवे. त्यांना वाटलं, या माणसाला आपली सासरी गेलेली लेक आठवली असणार. त्यांना स्वतःची लेक आठवली आणि तेही रडायला लागले. अप्पांचा नियम असा की समोरचा रडत असताना एकट्यानं खात बसणं बरं नव्हे. त्यांनी बशी ठेवली, उठून म्हाताऱ्याला मिठी मारली. "असा हळवा सासरा मिळायला नशीब लागतं," म्हातारा म्हणाला, आणि तिथंच सुपारी फुटली. गौरव्वांनी नंतर विचारलं, खरं काय ते सांगितलं का नाही? तर अप्पा म्हणाले, "सांगनार हुतो की. पन तवर लाडू आले."

सून पुढे लाखात एक निघाली, हे अप्पांच्या नसेचं श्रेय.

असं सगळं छान चाललं होतं. पण यात एक खोट होती, आणि ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. वर्षानुवर्षं तोच माणूस, तोच चेहरा, तेच उत्तर. परीक्षक बाहेरून येणार, आमचे सर त्यांच्या कानात सांगणार, 'डावी सातवी, जुनी, फाटे चुकलेली', आणि मग दोघं विद्यार्थ्याकडे बघत उभे राहणार. अप्पांकडे कोण बघतं? पाठ झालेली कविता कुणी पुस्तक उघडून वाचत नाही. यापायी एकदा अप्पांची वाचाच कायमची जायची वेळ आली. आणि अप्पांकडून बोलणं काढून घेतलं तर मागे उरणार काय, नुसता इस्त्रीचा शर्ट.

त्या वर्षी परीक्षेला लावण्या होती. साखर पेठेकडची, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली मुलगी. वडील टॉवेलच्या कारखान्यात, घरात पहिलीच डॉक्टर व्हायला निघालेली. अभ्यासाला पक्की, पण परीक्षक समोर आले की आवाज घशातच राहायचा. आधीच्या खेपेला तिला अप्पाच आले होते आणि ती सापळ्यात बरोबर अडकली होती. म्हणाली, उजवी बाजू अधू. नापास. त्या दिवशी अप्पांनी भजी मागवली तर तिनं खाल्ली नाहीत. अप्पांना ते लागलं. मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पन मी तोंड उगडलं असतं तर पुन्यांदा कुनासमोर सरळ बसलो नसतो."

कुणाला कुठला रोगी ते चिठ्ठी काढून ठरतं, आणि या खेपेला तिची चिठ्ठी निघाली ती पुन्हा अप्पांचीच. लावण्यानं कॉटवर कोण बसलंय ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. येणारच. उत्तर तर आता तिलाही पाठ होतं. चार वाक्यं म्हणायची आणि डॉक्टर होऊन घरी जायचं. मी ट्रे घेऊन शेजारी उभी होते. मलाही बरं वाटलं, म्हटलं, अल्लानं पोरीवर मेहेर केली.

तिनं तपासायला सुरुवात केली. कपाळाला आठ्या, डोळे मिटणं, गाल फुगवणं. मग कापसाचा पुंजका घेतला. या भागापर्यंत बहुतेक पोरं पोचतच नाहीत, कारण सातवी नस बिघडली तरी चेहऱ्याची जाणीव शाबूत राहते हे सगळ्यांना ठाऊक. तिनं डाव्या गालाला कापूस लावला, मग उजव्या.

"दोन्हीकडं सारखं लागतंय का, अप्पा?"

विचारलं होतं, तेव्हा खरं सांगणं भाग होतं. "डावीकडं कापूस लागतोय," ते म्हणाले. "उजवीकडं बी लागतोय, पन फडक्याआडून लावल्यागत."

लावण्याचा हात थांबला. तिनं ओठाच्या उजव्या कोपऱ्याला कापूस लावून बघितला, मग उजव्या हाताच्या बोटांना. तिथंही तसंच, फडक्याआडून. तिनं पुन्हा कपाळाला आठ्या घालायला लावल्या. उजवं कपाळ व्यवस्थित आठ्या घालत होतं. दात दाखवायला लावले, आणि उजवा कोपरा मागे राहिला. नेहमी वाटायचा त्याहून जास्त. ती माझ्याकडे वळली. "सिस्टर, अप्पांना हे आधीपासून आहे?"

विद्यार्थ्याला उत्तर द्यायची मला मनाई. "मला बोलता येत नाही, बाळ," मी म्हटलं. पण मान वळवून अप्पांकडे मीही बघायला लागले, आणि मला काही ते ठीक वाटेना. मी सरांना बोलवायला निघाले तोच सर आणि बाहेरचे परीक्षक आत आले.

"हं, बोला," परीक्षक म्हणाले. "कुठली बाजू?"

"उजवी," लावण्या म्हणाली.

सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षकांनी पेन उघडलं. "बाळ," सर हळूच म्हणाले, "मागच्या खेपेलाही तू उजवीच म्हणाली होतीस."

"हो सर. मागच्या खेपेला मी चुकले होते." तिचा आवाज कापत होता, पण या वेळी तो घशात राहिला नाही. "डावीकडचं मला माहीत आहे, सर. डावी सातवी, जुनी, फाटे चुकलेली. ते तर आहेच. पण उजवीकडचं आजचं आहे. कपाळ शाबूत आहे आणि ओठ उतरलाय, म्हणजे दुखणं नसेत नाही, वर मेंदूत आहे. ओठाचा कोपरा आणि बोटं एकदमच बधिर आहेत. सर, तुम्ही फक्त हात बघा."

"वेळ संपत आली," परीक्षक म्हणाले.

"अप्पा," ती परीक्षकांकडे लक्षच न देता म्हणाली, "दोन्ही हात समोर करा. तळवे आभाळाकडं. आणि डोळे मिटा."

अप्पांनी हात पुढे केले आणि डोळे मिटले. सगळे बघत उभे राहिलो. डावा हात होता तिथं राहिला. उजवा हळूच आत वळायला लागला, तळवा कलला, आणि हात खाली यायला लागला, जणू त्यावर कुणी अलगद वजन ठेवतंय. अप्पांना पत्ताच नव्हता. चेहऱ्यावर समाधान. "दोनी सारकेच हायत की," ते म्हणाले.

"डोळे उघडा, अप्पा."

अप्पांनी उघडले आणि आपल्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "हे माजं न्हाय," ते म्हणाले. "डॉक्टरसाहेब, हे नवीन हाय."

"कधीपासून होतंय?" सर ओरडलेच.

अप्पांनी आधी लावण्याकडे बघितलं, मग परीक्षकांकडे. "सांगू का? का पेपर फुटंल?"

"अप्पा, परीक्षा गेली खड्ड्यात! बोला!"

"बस भीमेच्या पुलावर हुती. कंडक्टरनं तिकीट हातात दिलं, ते हाताला लागलंच न्हाय. खाली पडलं. म्हटलं, खिडकीचा वारा हाय. मागच्या टायमाला बी वाराच हुता की."

सरांनी घड्याळ बघितलं. बस पुलावर कधी येते हे सोलापुरात कुणालाही सांगता येतं. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन काही तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास अजून शिल्लक होते. स्ट्रेचर आलं. बाहेरचे परीक्षक, ज्यांनी पेन उघडलं होतं, त्यांनीच एक बाजू धरली.

स्कॅनकडे नेताना मी शेजारून चालत होते. अप्पा काहीतरी सांगायला गेले. "सि..." म्हणाले. "सि... सि..." पुढे शब्दच येईना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, नुसता 'हां, हां' असा आवाज आला. आणि त्यांना कळत होतं. शब्द आहे, पण हाती लागत नाही, हे त्यांना पुरतं कळत होतं. माझा हात त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरला. मी नोकरीत पुष्कळ बघितलंय आणि सहसा रडत नाही. त्या दिवशी चालता चालता रडले.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन दिलं गेलं. मग नुसतं वाट बघणं. दुपारी गौरव्वा मुलासोबत आल्या. कॉटशेजारी स्टुलावर बसल्या, नवऱ्याच्या कपाळावरची पुसट झालेली विभूती बोटानं नीट केली आणि म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं या मानसाला म्हनत आले, साकु, साकु, पुरे करा, जरा गप बसा. आता म्हनते, बोला वो. काय बी बोला. दहावी नस गुडग्याला जाती म्हना, मी व्हय म्हनीन."

अप्पा नुसते बघत राहिले. लावण्या दाराशी उभी होती. तिला कुणी घरी जा म्हणालं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा अप्पांचा उजवा अंगठा हलला. मग बोटं. सर म्हणाले, "अप्पा, काही बोलायचं का?" अप्पांनी ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होतो.

"पोर..." ते म्हणाले. "पोरगी... पास?"

"अय्यो!" गौरव्वा कपाळावर हात मारून म्हणाल्या. "जीव निघाला हुता, आन ह्यांना पास-नापासाची पडलीया!" आणि हसता हसता त्यांनी पदरात तोंड लपवलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक परत जाण्याआधी वॉर्डात आले. कॉटच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "अप्पा, पोरगी पास. चांगल्या मार्कांनी."

अप्पांनी त्यांना नीट न्याहाळलं. बोलणं अजून अडखळत होतं, पण चेव तोच. "आन... तुमी?"

सरांना वाटलं, आता काही खरं नाही. परीक्षक मात्र मोकळे हसले. "मी ग्रेसनं," ते म्हणाले.

पुढचे काही महिने अप्पा घरी सुपात ज्वारी घेऊन उजव्या हातानं खडे निवडत बसले. बोटांना व्यायाम म्हणून सांगितला होता. घरातल्या बायकांचं काम परस्पर झालं. बोलणं परत आलं, थोडं सावकाश होऊन आलं. गौरव्वांच्या मते आता कुठं माणसागत बोलतात. पुढच्या परीक्षेला सरांनी मला सांगितलं, अप्पांना बोलावू नका, आराम करू दे. कुणाकडून तरी हे त्यांच्या कानावर गेलं आणि सकाळी पहिल्या एसटीनं अप्पा वॉर्डाच्या दारात हजर.

"आदी एक आजार हुता तर मान देऊन बोलवत हुता," ते सरांना म्हणाले. "आता दोन हायत, तर मला सोडताय व्हय?"

सरांनी हात जोडले. पण त्यांनी एक नवी पद्धत घातली. परीक्षेच्या सकाळी, विद्यार्थी यायच्या आधी, प्रत्येक केसला सर स्वतः नव्यानं तपासायचे. आजींची झडपसुद्धा, जशी काही आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. आजींना वाटलं, सर म्हातारपणी विसराळू झाले, म्हणून त्यांनी सरांनाही हळूच उत्तर सांगितलं.

लावण्यानं आता सात रस्त्याजवळ दवाखाना थाटलाय. अप्पा औषधं घेतात ती तिच्याच हातची, तीही तिला दहावी नस कुठं जाते ते समजावून सांगत. ती ऐकून घेते. त्यांचं ब्लडप्रेशर मोजताना बोलू नका म्हणते, तेवढं मात्र ते पाळतात.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या परीक्षेला मी अप्पांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. वय झालं होतं, काठी आली होती, इस्त्री तीच. मंगळवेढ्याची गाडी लागलेली, आत गर्दी. अप्पा पायरीवर चढले आणि वळून उभे राहिले. मला वाटलं, काही राहिलं. तर त्यांनी काठी काखेत मारली, दोन्ही हात समोर धरले, तळवे आभाळाकडं केले आणि डोळे मिटले. मागे चढणारी माणसं खोळंबली. कुणी 'अवो आजोबा, सरका की' म्हणालं. कंडक्टर बघत होता. अप्पा हलले नाहीत. मी खालून बघत राहिले, नीट बघितलं, एक हात आणि मग दुसरा, घाई न करता. दोन्ही सारखे होते.

"बरोबर आहेत, अप्पा," मी म्हटलं, आणि तेव्हाच त्यांनी डोळे उघडले.